डब्यात उरलेली चार पानं

“हे का घेतलंस?” वैजूताईनं विचारलं.

“मोठं हाय म्हणून.”

“आणि हे?”

“ते पण मोठं हाय.”

“हे?”

“ह्याला सुळे हाईत.”

तिनं तिन्ही पानं उचलून चिवड्याच्या डब्यात टाकली आणि चौथ्यावर बोट ठेवलं. सतरंजीवर माझी एकोणसाठ पानं उताणी मांडलेली होती आणि मी नुकताच सहा मिनिटांत हरलो होतो. हरणाऱ्यानं आपली सगळी पानं समोर मांडायची आणि एकेक का घेतलं ते सांगायचं, असा तिचा नियम होता. सांगता आलं नाही तर पान डब्यात. त्या दिवशी माझी अकरा पानं वाचली, तीही तिला दया आली म्हणून.

खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आमच्या घरात त्याला बेटांचे पत्ते म्हणत. आई तेवढी ‘ते माशाचे पत्ते’ म्हणायची. आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी ह्यात सगळ्यांची मिळून एक जुडी नसते. शेकडो निरनिराळी पानं मिळतात, त्यातून ज्यानं त्यानं आपापली चाळीस निवडायची. ह्या निवडण्याला डेक बांधणं म्हणतात. काही पानं बेटांची, काही जनावरांची, काही हवामानाची. बेटं मांडली की ताकद येते, त्या ताकदीवर जनावरं उतरवायची, आणि जनावरं समोरच्याचे चिंचोके खातात. चिंचोके ही आमच्या विटा गावची भर. मूळ खेळात कागदी दिवे होते, ते ताई कोइमतूरला विसरून आली होती. प्रत्येकाला वीस चिंचोके. ते संपले की हरलात, आणि गठ्ठ्यातली पानं संपली तरी हरलात. एवढं कळलं की खेळ कळला. मला कळला होता. तरी माझ्या एकोणसाठ पानांत बेटं फक्त पाच होती, कारण बेटांच्या चित्रात बघण्यासारखं काही नव्हतं.

“चाळीस म्हणजे चाळीस,” ताई म्हणाली. “आणि त्यातली सोळा बेटं. जनावरं हातात धरून बसलास तर ती काय तुझ्या हातातच पोहणार हाईत?”

ताई दिवाळीला म्हणून माहेरी आली ती परत गेली नव्हती. दाजींचा कोइमतूरला सोनं गाळायचा धंदा होता. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं ह्याच धंद्यापायी देशभर पांगलेली. माझ्या वडिलांनीही, तात्यांनी, बावीस वर्षं मदुरैत भट्टीपुढं काढली आणि छातीचं दुखणं घेऊन परत आले. तेव्हा जावई त्याच धंद्यातला, निर्व्यसनी, दुमजली घराचा, हे सगळं बघूनच दिलं होतं. एक गोष्ट कुणी बघितली नव्हती, कारण ती बघण्याच्या कार्यक्रमात दिसतच नाही. दाजी बोलत नसत.

मुके नव्हते. गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये तासन्‌तास बोलत. बायकोवर रुसले की तिच्याशी बोलणं बंद करत, एवढंच. आमटीत मीठ कमी पडलं तेव्हा नऊ दिवस. तिनं न विचारता खिडकीचे पडदे बदलले तेव्हा दीड महिना. शेवटची खेप पाच महिन्यांची होती आणि ती कशावरून, हे ताईला कधीच कळलं नाही. त्या पाच महिन्यांत ती समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानात जाऊन बसू लागली. दुकानदार मुरुगेसन हे निवृत्त गणित-शिक्षक. त्यांच्याकडं हे पत्ते विकायला असत आणि माळ्यावर दोन टेबलं मांडून पोरंटोरं खेळत. पानं मांडायचा आणि कारण सांगायचा नियम त्यांचाच. ताईला तो खेळ का आवडला असं मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली की तिथं समोर बसलेल्या माणसाला आपली पाळी आली की काहीतरी करावंच लागतं.

दाजींनी हात कधी उगारला नाही, दारूला कधी शिवले नाहीत, घरात काही कमी पडू दिलं नाही. त्यामुळं आमच्या नातेवाइकांची मोठी पंचाईत झाली. मारहाणीला नाव असतं, दारूला नाव असतं. ह्याला काय म्हणायचं, तेच कुणाला सुचेना.

आमच्या घरानं मात्र एक ठरवून टाकलं होतं. पोरगी पोळून आलीय, तिचं मन मोडायचं नाही. ठरवायला बैठक वगैरे झाली नव्हती. आईनं तात्यांकडं बघितलं, तात्यांनी माझ्याकडं बघितलं, झालं. ताई म्हणाली, “परत जावं म्हणते,” की आई म्हणायची, “तुझ्या मनाला येईल तसं कर, बाळा.” दोन दिवसांनी ताई म्हणाली, “न्हाई जात,” की आई त्याच आवाजात म्हणायची, “तुझ्या मनाला येईल तसं कर.” तात्या मान हलवायचे. तीच मान, दोन्ही वेळेला. ताई भाजीत मीठ विसरली तरी आम्ही तिघं बोटं चाटत जेवायचो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक होतो. बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणं आणि मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या मोजणं हे काम दुपारी तीनला संपे. मग आम्ही सोप्यात सतरंजी टाकून बसायचो. डबा एकच, दोघांत मिळून. ताईनं कोइमतूरहून आणलेली सहाशे-साडेसहाशे पानं त्यात होती. ज्याला लागतील त्यानं ती घ्यायची, उरलेली डब्यात राहायची.

शिकता शिकता मला कळलं की डेक बांधणं म्हणजे पानं घालणं नव्हेच, काढणं आहे. हे मला ताईच्या आधी तात्यांनी सांगितलं. एका दुपारी माझी सत्तेचाळीस पानं झाली होती आणि सात काही केल्या निघेनात. तात्या झोपाळ्यावरून बघत होते. ते म्हणाले की मदुरैत नव्या पोराला ते पहिलं वर्षभर सोन्याला हात लावू देत नसत. जे काढून टाकायचं ते आधी ओळखायला शिकवत, सोनं मग आपोआप उरतं. एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी चार पानं काढली. उरलेल्या तिघांवर माझा जीव होता.

त्यातला एक देवमासा. निळाभोर, पाठीवर अख्खं गाव वसलेलं. तो उतरवायला नऊ बेटं लागत, आणि नऊ बेटं होईतो माझे चिंचोके संपलेले असत. मी तो प्रत्येक डेकमध्ये घालायचो. प्रत्येक हरण्यानंतर ताई त्यावर बोट ठेवायची.

“हा का घेतलास?”

“आवडतो म्हणून.”

“आवडतो हे कारण न्हाई,” म्हणत ती त्याला डब्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा काढायचो.

ताईचा डेक धुक्याचा होता. धुक्याचं पान टाकलं की त्या फेरीत कुणाचंच जनावर हल्ला करू शकत नाही. तिच्याकडं धुक्याची बारा पानं, आणि वापरलेलं धुकं पुन्हा गठ्ठ्यात नेऊन ठेवणारे चार कोळी. ती स्वतः हल्ला करतच नसे. माझी जनावरं नुसती रांगेत उभी, आणि मी एकेक पान उचलत बसायचो. माझा गठ्ठा संपायचा, तिचा संपायचा नाही. एक चिंचोका न हलता मी हरायचो. तिला त्यात आनंद होई असं म्हणवत नाही. पण जेवताना ती चार शब्द जास्त बोलायची. आईनं ते हेरलं आणि मला मागीलदारी गाठून सांगितलं, “हरलास म्हणून तुझं काय बिघडतंय? हरत जा.”

माझं खरंच काही बिघडत नव्हतं. सांगायची गोष्ट एवढीच, की जानेवारीपर्यंत मला हरायला मदतीची गरज नव्हती. नंतर लागू लागली.

एके दिवशी डबा चाळताना मला वाऱ्याचं पान दिसलं. साधं, राखाडी, चित्रात वाकलेलं एक माडाचं झाड. वारा टाकला की पडलेलं धुकं उडतं आणि तीन फेऱ्या नवं चालत नाही. तशी चार पानं डब्यात होती. ती चार घेतली असती तर ताईचा डेक उघडा पडला असता, हे मला त्याच क्षणी कळलं. मी ती डब्याच्या तळाशी सरकवली आणि देवमासा घेऊन बसलो. नंतरचे एकोणीस डाव मी ह्याच पद्धतीनं हरलो. मला वाटायचं, मी फार चांगला भाऊ आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी मामा आले. मामा म्हणजे आमच्या घरातली शेवटची पायरी. त्यांच्यापुढं कुणी चढत नसे. त्यांनी कोइमतूरला फोन करून सगळं जुळवून आणलं होतं. पाहुणे, म्हणजे दाजींच्या घरचे, म्हणत होते की झालं गेलं विसरू, पोरीला आणून सोडा. मामा वाईट माणूस नव्हे. ते ताईला समजावून म्हणाले की बोलत नाही म्हणून कुणी नवरा टाकतं का, वय अठ्ठावीस झालंय, पुढं काय. रविवारी ते जीप घेऊन येणार, मिरजेहून गाडी.

ताईनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, “तुझ्या मनाला येईल तसं कर.” ताईनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मान हलवली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणालो, “तू म्हणशील तसं.”

“मग जाते,” ताई म्हणाली.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, मी विसाव्यांदा हरलो आणि पानं मांडली. ताईनं एकावरही बोट ठेवलं नाही. तिनं डबा ओढला, तळापर्यंत हात घातला आणि वाऱ्याची चारही पानं काढून माझ्या पानांच्या शेजारी एका ओळीत ठेवली.

“ही का न्हाई घेतलीस?”

मी म्हणालो की बघितली नव्हती.

“गेल्या महिन्यात ही वर होती. आता खाली गेली. चार पानं आपल्या पायानं चालत गेली व्हय?”

माझी चूक इतकी बाळबोध होती की आजही हसू येतं. समोरच्यापासून हातातली पानं लपवता येतात. पण डबा एक असला की न घेतलेलं पान लपवता येत नाही. तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. एकोणीस डाव मी ती पानं कधी घेतो ह्याची ताई वाट बघत होती.

“आईनं सांगितलं हरायला?”

मी माझी पानं गोळा करायला लागलो.

“तिकडं पाच महिने कुणी बोललं न्हाई,” ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “हितं चार महिने कुणी न्हाई म्हणलं न्हाई. मी आग लावते म्हणलं तरी तुम्ही काडी आणून द्याल. नंदू, मी येडी झालेय असं वाटतं का तुम्हाला? का मी मेलेय?”

ती उठली. दारात थांबून म्हणाली, “रविवारी जीप यायच्या आधी एक डाव खेळू. खरा डेक बांधायचा असंल तर बस. न्हाई तर बसू नको.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात एवढ्या मायेनं आम्ही तिला वागवलं होतं, आणि ती माया तिला दाजींच्या अबोल्यासारखी लागली होती.

शनिवारी कॉलेजातून आल्यापासून दिवे लागेपर्यंत मी डेक बांधत होतो. वाऱ्याची चारही पानं घेतली. वाऱ्याच्या तीन फेऱ्यांत काम उरकतील अशी लहान, चपळ, दोन-दोन बेटांवर उतरणारी जनावरं घेतली. दिसायला अगदी फडतूस. एक तर नुसता खेकडा होता. सोळा बेटं. मोजली तर एक्केचाळीस झाली. एक्केचाळिसावं कोणतं हे मला आधीच माहीत होतं, तरी मी दोनदा मोजली. मग देवमासा उचलून डब्यात ठेवला. तात्या झोपाळ्यावरून म्हणाले, “आता बरोबर हाय.” त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

रविवारी दहाला जीप आली. ताईची बॅग सोप्यात तयार होती, शेजारी आईनं बांधलेल्या लाडवांचा डबा. ताई मामांना म्हणाली की एक डाव खेळून निघू. मामांना वाटलं पाच-तीन-दोन असेल, ते बसले. मी पानं पिसली.

पाचव्या फेरीला तिनं पहिलं धुकं टाकलं. माझा खेकडा आणि दोन मासे जागच्या जागी थांबले. मी पान उचललं, वारा होता. आई चहाचे कप घेऊन उभी होती. तिला खेळ कळत नसला तरी माझा चेहरा कळत होता. ती म्हणाली, “नंदू, बघून खेळ रं.”

मी वारा टाकला.

ताईनं माझ्याकडं बघितलं नाही, पानाकडंही नाही. चिंचोके मोजून माझ्या बाजूला सरकवले. सात गेले. पुढच्या फेरीला सहा. ती धुक्याची पानं हातात धरून बसली होती आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. तिसऱ्या फेरीला उरलेले सात गेले.

“हरले,” ताई म्हणाली आणि आपली चाळीस पानं सतरंजीवर मांडायला लागली. मामांनी घड्याळ बघितलं. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. बेटं का, कोळी का. मग मी धुक्यावर बोट ठेवलं.

“हे का घेतलंस?”

“समोरचं थांबावं म्हणून.”

“थांबून?”

“थांबून त्याचे पत्ते संपतात.”

“दाजींचे संपले?”

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण तेवढं वाजत होतं. एकदा वारा टाकल्यावर मागं घेता येत नाही.

“ताई, तू जाऊ नको,” मी म्हणालो. “तू चुकतीयस.”

“का?” ती म्हणाली.

मी रात्रभर कारणं जमवली होती. त्यातलं एकही आठवेना. “तू हितं असलीस की मला बरं वाटतं,” मी म्हणालो.

“हे कारण न्हाई.”

“म्हाईत हाय.”

मग ताई भांडायला लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज घरभर गेला. हितं बसून मी काय करू, लोक काय म्हणतील, चुलतबहिणींची लग्नं व्हायची आहेत, तात्यांची छाती असली, उद्या तुझी बायको आल्यावर मी कुठं जाऊ. मी प्रत्येकाला उत्तर देत होतो. काही उत्तरं बरी होती, काही अगदीच सुळेवाली. ती माझी उत्तरं मोडत होती आणि मी पुन्हा देत होतो. मामा मध्ये पडायला गेले, तर ताईच म्हणाली, “थांबा मामा, त्याला बोलू द्या.”

आईच्या हातातले कप तसेच होते. ती कुणाकडं न बघता म्हणाली, “पाच महिने. आपण दारातल्या कुत्र्याशी सुदिक बोलतो गं.” आणि खाली बसली.

ताईनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी ह्या खेपेला मान हलवली नाही.

“मलाबी त्येच वाटतंय,” ते म्हणाले. “दिवाळीपासनं.”

“मग बोलला का न्हाई?”

“तुला वाईट वाटंल म्हणून.”

ताईनं तोंडावर पदर घेतला. ती रडत होती की हसत होती, हे आजवर आमच्यात ठरलेलं नाही. मला ती हसत होती असं वाटतं. आई म्हणते, रडत होती. पदर काढल्यावर ती मामांना म्हणाली की पाहुण्यांना सांगा, त्यांना काय म्हणायचं असेल ते त्यांनी हितं येऊन तोंडानं म्हणावं, मग बघू.

मामांनी तीन कप चहा घेतला आणि रिकामी जीप घेऊन गेले. निरोप त्यांनी जसाच्या तसा पोचवला. दाजी आले नाहीत. आले असते तर बोलावं लागलं असतं. दोन वर्षांनी सगळं कागदोपत्री मिटलं, तेही वकिलांमार्फत. ताई आता कऱ्हाडला शाळेत गणित शिकवते आणि तिच्या वर्गात उत्तर बरोबर आलं तरी ‘का’ सांगितल्याशिवाय मार्क मिळत नाहीत, अशी मुलांची तक्रार आहे.

पण त्या रविवारी जीप गेल्यावर लगेच काय झालं ते सांगायचं राहिलं. ताई म्हणाली, “अर्धा तास थांब,” आणि डबा घेऊन आत गेली. मी माझा डेक हातात घेऊन बसलो. जिंकलो होतो, ताई थांबली होती. आता कुणाचं काय अडत होतं? ती आत जायच्या आधीच मी डब्यातून माझा देवमासा उचलला होता. खेकडा काढून तो घातला.

ती आली. डाव सुरू झाला आणि मी धुक्याची वाट बघत राहिलो. हातात दोन वारे धरून ठेवले होते. धुकं आलंच नाही. तिच्या चाळीस पानांत धुकं एकही नव्हतं. तिसऱ्या फेरीपासून तिची जनावरं माझे चिंचोके खायला लागली आणि नऊ मिनिटांत ताट साफ झालं.

“मांड,” ताई म्हणाली.

मी चाळीस पानं मांडली. तिनं एकेकावरून बोट फिरवत आणलं आणि देवमाशावर थांबवलं.

“हा का घेतलास?”

“आवडतो म्हणून.”

तिनं ते पान उचललं. मी ते डब्यात पडायची वाट बघत होतो.

“राहू दे,” ताई म्हणाली.